पाखराचं वय किती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खरसुंडीच्या बाजारात खिलार खोंड घ्यायला गेलेला माणूस आधी त्याचं तोंड उघडतो. दुधाचे दात असले तर आदत, दोन पक्के आले की दुसा, चार आले की चौसा, आणि सगळे भरले की जुळलेला. आमच्या आजोबांना हे कुणी शिकवलं नव्हतं, पण त्यांचा अंदाज सहसा चुकत नसे. पक्षी बघायला माझ्याबरोबर येणारी मंडळी म्हणूनच सहज विचारतात, "हे पाखरू किती वर्षांचं असेल हो?" पाखराला दात नाहीत. तरी उत्तराच्या जवळ जाण्याच्या बऱ्याच वाटा आहेत. मायणी-येरळवाडीचे तलाव आणि सांगलीचा कृष्णाकाठ इथे फिरताना पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

पक्षी नुसता बघून त्याचं वय सांगता येतं का?

काही काळापर्यंतच. अंड्यातून बाहेर आल्यापासून पूर्ण वाढ झालेल्याचा पिसारा चढेपर्यंत पक्षी बदलत असतो, आणि तेवढा काळ आपण अंदाज बांधू शकतो. चिमणीसारख्या लहान पाखरात हा काळ काही महिन्यांचा असतो, तर मोठ्या गरुडांत आणि गिधाडांत चार-पाच वर्षांचा. त्यानंतर तीन वर्षांची चिमणी आणि सात वर्षांची चिमणी शेजारी बसली तरी फरक दिसत नाही. माणसासारख्या सुरकुत्या नाहीत, वाकलेली पाठ नाही. रानातलं पाखरू बहुधा म्हातारपण दिसायच्या आधीच संपतं. अशक्त झालं की शिकऱ्यासारखा शिकारी पक्षी गाठतो, नाहीतर एखादी वाईट रात्र.

त्यामुळे पक्ष्याच्या वयाचं प्रामाणिक उत्तर बहुतेक वेळा "किमान इतकं" असं असतं. "निदान दुसऱ्या वर्षात आहे" इतकं खात्रीने सांगता आलं तरी ते मोठं काम आहे.

झाडाच्या खोडात असतात तशा वर्तुळरेषा पक्ष्याच्या हाडात नसतात का?

बहुतेक पक्ष्यांत नसतात. त्यांची हाडं पहिल्या वर्षाच्या आतच पूर्ण वाढतात, त्यामुळे दरवर्षी नवी रेषा पडायला वाढच उरत नाही. न्यूझीलंडचा किवी सावकाश, काही वर्षं वाढतो. त्याच्या हाडात अशा रेषा सापडतात, पण त्या बघायला हाड कापावं लागतं. जिवंत पक्ष्यासाठी या वाटेचा उपयोग नाही.

मग सुरुवात कुठून करायची?

पिसांपासून. पीस पूर्ण वाढलं की ते मेलेलं असतं, नखासारखं. झिजतं, उन्हाने विटतं, पण दुरुस्त होत नाही. म्हणून प्रत्येक पक्षी ठरावीक काळाने जुनी पिसं टाकून नवी घेतो. घरट्यात फुटलेली पहिली पिसं घाईत तयार झालेली असतात, कारण पिल्लाला थोड्या दिवसांत उडायचं असतं. त्यामुळे ती विरळ आणि ठिसूळ असतात, आणि शेपटीची पिसं बऱ्याच जातींत टोकाला निमुळती असतात. पुढे येणारी पिसं दाट आणि टोकाला गोलसर होतात.

कित्येक लहान पक्षी पहिल्या वेळी सगळी पिसं बदलत नाहीत. अंगावरची बदलतात आणि पंखांतली काही जुनीच ठेवतात. मग एकाच पंखात नवं गडद पीस आणि त्याच्या शेजारी विटलेलं, झिजलेलं पीस अशी सीमा दिसते. पाखरू हातात घेऊन काम करणारे लोक ही सीमा सगळ्यात आधी शोधतात. चिमणी मात्र पहिल्याच वेळी सगळीच्या सगळी पिसं बदलते, आणि ते झालं की पिल्लू आणि आईबाप सारखेच दिसतात.

येरळवाडीला हिवाळ्यात पट्टकादंब येतात. त्यात यंदाची पिल्लं ओळखता येतात का?

येतात, आणि माझ्या मते आपल्या भागात वय ओळखायचा सराव करायला याहून चांगला पक्षी नाही. मोठा आहे, उघड्यावर बसतो आणि दुर्बिणीतून निवांत बघू देतो.

पूर्ण वाढलेल्या पट्टकादंबाच्या पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे आडवे पट्टे असतात, त्यावरूनच त्याचं नाव पडलं. त्या साली जन्मलेल्या पिल्लाला हे पट्टे नसतात. त्याच्या डोक्याचा वरचा भाग आणि मानेची मागची बाजू सलग करडी-तपकिरी असते, चेहरा फिकट असतो आणि डोळ्यातून एक पुसट गडद रेघ जाते. एकूण रंग मळकट. हंसांच्या या कुळात पिल्लं पहिला हिवाळा आईबापांबरोबरच काढतात. म्हणून थव्यात दोन पट्टेवाले आणि त्यांना चिकटून चालणारे दोन-तीन बिनपट्टीचे दिसले, तर ते बहुधा एक कुटुंब असतं. तिबेट, मंगोलिया, लडाखच्या बाजूला जन्मलेली ती पोरं हिमालय ओलांडून पहिल्यांदा माणदेशच्या पाण्यावर उतरलेली असतात. मला अजूनही त्या बिनपट्टीच्या डोक्याकडे बघताना भरून येतं.

एक खबरदारी घ्या. ही मोजणी डिसेंबर-जानेवारीत करा. हिवाळा सरत येतो तसे पिल्लांच्याही डोक्यावर पट्टे उमटायला लागतात आणि फेब्रुवारीनंतर गल्लत होते.

शाळूवर पडणाऱ्या भोरड्यांत, म्हणजे गुलाबी मैनांत, काही गुलाबी असतात, काही नुसत्या मातकट. नर-मादीचा फरक आहे का?

बहुतेक वेळा फरक वयाचा असतो. काळं डोकं आणि गुलाबी अंग ही मोठ्या भोरडीची खूण. वाळूच्या रंगाची, पिवळसर चोचीची भोरडी त्याच उन्हाळ्यात मध्य आशियाकडे जन्मलेली असते. मोठ्या भोरड्या आधी येतात, पिल्लं त्यांच्यामागून. इथे आल्यावर त्यांची पिसं बदलतात आणि हिवाळ्यातच ती मोठ्यांसारखी दिसायला लागतात, फक्त सुरुवातीला जरा मळकी. म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरात मातकट भोरडी सहज ओळखू येते, पण शाळूचं कणीस भरतं तोवर ओळख अवघड होते. राखणीला गोफण घेऊन माळ्यावर बसणारे शेतकरी हा बदल दरवर्षी बघतात. त्यांनी तारखा लिहून ठेवल्या तर त्या नोंदी फार मोलाच्या ठरतील.

रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, पांढुरका दिसला म्हणजे लहानच ना?

करडा-तपकिरी दिसला तर नक्की लहान. गुलाबी चढायला दोन-तीन वर्षं, कधी त्याहून जास्त लागतात. पण तो गुलाबी रंग त्याच्या खाण्यातून येतो. मोठ्या पक्ष्यालाही चांगलं खाद्य मिळालं नाही तर तो फिका पडतो. म्हणून रंगाबरोबर पाय आणि चोचही बघा. लहान रोहिताचे पाय करडे असतात, चोचीलाही गुलाबी नसतो.

डोळ्यांच्या रंगावरून वय कळतं हे खरं आहे का?

खरं आहे, आणि हे कुणालाही बागेत बसून तपासता येतं. सातभाई घ्या. मोठ्या सातभाईचा डोळा पांढुरका असतो, त्यामुळे तो सतत चिडल्यासारखा दिसतो. त्याच टोळक्यात एखाद्याचा डोळा गडद दिसला, तर तो त्या टोळक्यातला लहानगा. पारव्याचंही तसंच. पिल्लाचा डोळा मळकट तपकिरी असतो, मोठेपणी नारिंगी-लाल होतो. घरट्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पारव्याच्या डोक्यावर पिवळट लवेचे दोन-चार धागेही राहिलेले असतात. सांगलीत कुठल्याही जुन्या इमारतीच्या सज्जाखाली पाच मिनिटं थांबलात तरी दिसतील.

शिकऱ्याचा लहानपणी पिवळा असणारा डोळा मोठ्या नरात लालसर होतो. त्याच्या छातीकडेही बघा. लहान शिकऱ्याच्या छातीवर तपकिरी उभे थेंब ओघळल्यासारखे असतात, मोठ्याच्या छातीवर बारीक आडव्या विटकरी रेघा असतात. पोपटाचा डोळा लहानपणी गडद असतो आणि नंतर फिकट होतो. नर पोपटाच्या गळ्यातली काळी-गुलाबी कंठी दीड ते तीन वर्षांत येते, तोवर तो मादीसारखाच दिसतो. म्हणजे बिनकंठीचा प्रत्येक पोपट मादी असतो असं नाही.

डोळ्याचा रंग फोटोत फसवतो. ऊन समोरून असलं की गडद डोळाही फिकट दिसतो. एकाच पक्ष्याचे दोन-तीन कोनांतून फोटो घ्या.

चोचीच्या कडेला पिवळं असतं ते काय?

ती जबड्याच्या सांध्याची मऊ, फुगीर कड. अंधाऱ्या घरट्यात आईला घास कुठे ठेवायचा ते या रंगामुळे दिसतं. चिमणीच्या पिल्लात घरटं सोडल्यावरही काही आठवडे ती पुसट दिसत राहते. लहान पक्षी आहे एवढंच त्यावरून कळतं, महिन्याचा हिशेब त्यातून काढू नका.

मोराच्या पिसाऱ्यातले डोळे मोजून वय काढता येतं असं म्हणतात.

सुरुवातीच्या तीन-चार वर्षांपुरतं यात तथ्य आहे. पहिल्या वर्षी पिसारा नसतोच, दुसऱ्या वर्षी गळा निळा होतो पण मागे आखूड पिसं असतात, आणि पूर्ण लांबीचा पिसारा यायला चौथं वर्ष उजाडतं. त्यानंतर डोळ्यांची संख्या दीडशेच्या आसपास स्थिरावते. सहा वर्षांच्या आणि बारा वर्षांच्या मोरात ती मोजून काही कळणार नाही. आणखी एक चूक नेहमी होते. पावसाळा संपला की मोर पिसारा गाळतो. ऑक्टोबरात सागरेश्वरला बिनपिसाऱ्याचा निळ्या गळ्याचा मोर दिसला तर त्याला घाईने "लहान" म्हणू नका.

पांढरी पिसं आली म्हणजे पक्षी म्हातारा झाला का?

नाही. कावळ्याच्या पंखात पांढरं पीस दिसतं तेव्हा कारण बहुधा जन्मजात रंगदोषाचं किंवा कमअस्सल खाण्याचं असतं. दर वेळी पिसं बदलताना थोडं अधिक पांढरं होत जाणारे पक्षीही असतात, पण तो त्या एकेका पक्ष्याचा प्रकार झाला. त्यावरून वय मोजायची पट्टी होत नाही. लांबलेली, वाकडी चोचसुद्धा म्हातारपणाची खूण नाही. चोच आयुष्यभर वाढते आणि झिजते. हा तोल बिघडला की बहुधा आजार असतो.

दिसायला लहान पण प्रत्यक्षात मोठा, असं होतं का?

होतं. जांभळ्या सूर्यपक्ष्याचा नर विणीचा काळ संपला की चमकदार पोशाख उतरवतो आणि पोटाखाली पिवळट, छातीवर एक काळी रेघ असा दिसतो. वयात येणारा कोवळा नरही जवळजवळ तसाच दिसतो. अशा वेळी तारीख, पंखांची झीज आणि चोचीची कड यांचा एकत्र विचार करावा लागतो. तरीही ठरत नसेल तर "ठरत नाही" असं लिहायला लाजू नका.

गव्हाणी घुबडाचं वय निळ्या दिव्याने कळतं म्हणे?

याबद्दल मी तासभर बोलू शकतो. जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर राहणारं गव्हाणी घुबड आपल्याकडे शहरातही आहे. घुबडांच्या पिसांत पॉर्फिरीन नावाचं रंगद्रव्य असतं. अतिनील दिव्याखाली, म्हणजे नोटा तपासायला वापरतात तशा दिव्याखाली, पंखाची आतली बाजू गुलाबी चमकते. हे रंगद्रव्य उजेडाने विरत जातं. नवं पीस झगझगीत गुलाबी दिसतं, गेल्या वर्षीचं मंद, आणि त्याच्याही आधीचं जवळजवळ विझलेलं.

आता हिशेब बघा. पहिल्या वर्षी घुबड उडायची पिसं बदलत नाही. त्यामुळे पंख पसरल्यावर सगळी पिसं एकसारखी चमकली तर घुबड पहिल्याच वर्षातलं. पुढे ते दरवर्षी सगळी पिसं न बदलता थोडी थोडी बदलतं. मग एकाच पंखात दोन किंवा तीन वेगवेगळ्या चमकेची पिसं दिसतात, आणि त्यांच्या जागा बघून दुसरं, तिसरं वर्ष सांगता येतं. साध्या उजेडात जी सीमा डोळे ताणून शोधावी लागते, ती इथे दिवाळीच्या आकाशकंदिलासारखी समोर येते.

घुबड पकडून हे करायला जाऊ नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार त्यासाठी परवानगी लागते. गळून पडलेलं पीस कुठे सापडलं तरी ते घरी आणू नका.

हातात घेऊन अभ्यास करणारे लोक अजून काय बघतात?

दोन जुन्या, भरवशाच्या खुणा.

पहिली कवटी. लहान गाणाऱ्या पक्ष्यांच्या पिल्लाची कवटी एकपदरी असते. पुढच्या काही महिन्यांत तिच्याखाली दुसरा पदर तयार होतो, दोन पदरांच्या मधे हवा राहते आणि त्यांना जोडणारे बारीक खांब उभे राहतात. डोक्यावरची पिसं किंचित ओली करून बाजूला केली की पातळ कातडीतून हे दिसतं. एकपदरी भाग गुलाबीसर, सलग. दुपदरी भाग पांढुरका, ठिपकेदार. दोन्ही रंगांची सीमा दिसली तर पक्षी काही महिन्यांचाच. मात्र काही जातींत कवटीचा एकपदरी भाग कधीच पूर्ण मिटत नाही, म्हणून जातीची माहिती आधी हवी.

दुसरी खूण बर्साची. पक्ष्याच्या विष्ठाद्वाराच्या वरच्या बाजूला आत एक छोटी पिशवी असते. फॅब्रिशियस या इटालियन शरीरशास्त्रज्ञाच्या नावाने ती ओळखली जाते. तिथे रोगाशी लढणाऱ्या पेशी तयार होतात. आपल्याही रक्तातल्या ज्या पेशींना बी पेशी म्हणतात, त्यातला 'बी' या बर्सावरूनच आला. आपल्याकडच्या पोल्ट्रीवाल्यांना हा अवयव ठाऊक आहे, कारण पिल्लांना ज्या गंबोरोची लस देतात तो आजार नेमका याच पिशवीवर हल्ला करतो. पक्षी वयात आला की बर्सा आक्रसून जातो. बदकं आणि तित्तिरांच्या कुळातल्या पक्ष्यांत बर्सा आहे की नाही यावरून या वर्षीचं पाखरू वेगळं काढतात. हे काम शिकलेल्या हातांचंच आहे.

रक्ताच्या थेंबातून वय कळत नाही का?

प्रयत्न बरेच झाले आहेत. पक्ष्यांची एक सोय अशी की त्यांच्या तांबड्या रक्तपेशींत केंद्रक असतं, आपल्या तांबड्या पेशींत नसतं. त्यामुळे एका थेंबातून भरपूर डीएनए मिळतो.

गुणसूत्रांच्या टोकांना टेलोमिअर असतात, बुटाच्या नाडीच्या टोकाच्या प्लास्टिकच्या टोपीसारखे. पेशी विभागली की ते थोडे आखूड होतात. त्यांची लांबी मोजली तर वय कळावं, अशी साधी कल्पना होती. झेब्रा फिंच या लहान पाखरासारख्या काही जातींत वयाबरोबर टेलोमिअर आखूड होताना दिसलेही. मग एक अडचण पुढे आली. लीच पेट्रेल नावाच्या दीर्घायुषी समुद्रपक्ष्यात वयाबरोबर टेलोमिअर लांब होताना आढळले! एकाच जातीतसुद्धा जन्मतःच कुणाचे लांब, कुणाचे आखूड. शिवाय खाणं कमी पडलं, आजार झाला, पिल्लं वाढवताना ओढाताण झाली की ते लवकर झिजतात.

माझ्या मते टेलोमिअरकडे वयाचं घड्याळ म्हणून न बघता सोसलेल्या कष्टांची नोंद म्हणून बघावं. झेब्रा फिंचच्या अभ्यासात २५ दिवसांच्या वयातली टेलोमिअरची लांबी आणि पुढचं आयुष्य यांचा संबंध दिसला. ही माहिती मौल्यवान आहे, पण "हा पक्षी पाच वर्षांचा आहे" हे त्यातून निघत नाही.

वय काढायला पेंटोसिडीन मोजतात म्हणे, ते काय?

रक्तातली साखर हळूहळू प्रथिनांना चिकटते. घरात कुणाला मधुमेह असेल तर "तीन महिन्यांची साखर" ही तपासणी माहीत असेल. ती म्हणजे हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मोजणं. भाकरी तव्यावर खरपूस होते तीही साखर आणि प्रथिनांच्या संयोगाने, फक्त तिथे आच मोठी असते. शरीरात तेच काम मंद आचेवर वर्षानुवर्षं चालतं. हिमोग्लोबिन काही महिन्यांत बदलतं, पण कातडीतलं कोलॅजेन नावाचं प्रथिन वर्षानुवर्षं तेच राहतं. त्यात साखरेमुळे तयार होणारे पक्के सांधे साठत जातात, आणि त्यातला सहज मोजता येणारा एक सांधा म्हणजे पेंटोसिडीन. पंखाच्या कातडीचा अगदी लहान तुकडा घेऊन प्रयोगशाळेत तो मोजतात. अमेरिकेतल्या पाणकावळ्यांवर आणि काळ्या गिधाडांवर असं काम झालं आहे, आणि वयाबरोबर प्रमाण वाढताना दिसलं आहे.

यातली एक गोष्ट मला विलक्षण वाटते. पक्ष्यांच्या रक्तात साखर आपल्यापेक्षा कितीतरी जास्त असते आणि अंगही जास्त गरम असतं. त्या हिशेबाने त्यांची कातडी झपाट्याने खरपूस व्हायला हवी, ते लवकर म्हातारे व्हायला हवेत. घडतं उलटंच. त्याच वजनाच्या सस्तन प्राण्यापेक्षा पक्षी बहुधा जास्त जगतो. उंदीर आणि चिमणीची तुलना करून बघा. पक्ष्यांचं शरीर हे नुकसान कसं आवरतं याचा शोध अजून चालू आहे.

या पद्धतीची मर्यादा अशी की पहिली काही वर्षं बरी कळतात, पण पुढे अंदाज पसरट होत जातो. आणि पक्ष्याला जखम करावी लागते, मग ती कितीही लहान असो.

सध्या सगळ्यात पुढे कुठली पद्धत आहे?

डीएनए मेथिलेशन. डीएनएची अक्षरं आयुष्यभर तीच राहतात, पण त्यांवर ठिकठिकाणी मेथिल नावाच्या रासायनिक गटाच्या टिकल्या चिकटतात आणि निघतात. काही ठरावीक जागी त्यांचं प्रमाण वयाप्रमाणे बदलतं. अशा अनेक जागा एकत्र वाचल्या की वयाचा अंदाज निघतो. माणसासाठी असं गाजलेलं घड्याळ २०१३ मध्ये पुढे आलं, त्यानंतर पक्ष्यांवरही काम सुरू झालं. ऑस्ट्रेलियाकडच्या आखूड शेपटीच्या शिअरवॉटर या समुद्रपक्ष्यात रक्तावरून काढलेलं वय खऱ्या वयापासून सरासरी तीनेक वर्षांच्या आत आलं. हा पक्षी कित्येक दशकं जगतो, त्यामुळे तीन वर्षांची चूक तिथे चालून जाते. सुगरणीच्या बाबतीत तेवढ्या चुकीला काही अर्थच उरणार नाही.

हे घड्याळ बरोबर चालतं हे ताडायचं कशावरून?

खरं वय माहीत असलेल्या पक्ष्यांवरून, आणि तसे पक्षी मिळतात ते कडी घातल्यामुळे. म्हणूनच माझ्या लेखी प्रयोगशाळेतल्या सगळ्या यंत्रांच्या वर ती हलकी कडी आहे. घरट्यातल्या पिल्लाच्या पायात क्रमांकाची कडी घातली की त्याची जन्मतारीख कायमची नोंदली जाते. १८९९ मध्ये डेन्मार्कच्या मॉर्टेन्सन नावाच्या शिक्षकाने मैनेच्या कुळातल्या स्टार्लिंग पक्ष्यांना ॲल्युमिनियमच्या कड्या घालून ही पद्धत रुजवली. आपल्याकडे हे काम प्रामुख्याने मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने केलं.

'विस्डम' नावाच्या लेसन अल्बाट्रॉस या समुद्रपक्ष्याच्या मादीचं उदाहरण सांगतो. प्रशांत महासागरातल्या मिडवे बेटावर १९५६ मध्ये चँडलर रॉबिन्स यांनी तिला कडी घातली. तेव्हा ती अंड्यावर होती, आणि हे पक्षी साधारण पाच वर्षांच्या आत विणत नाहीत. म्हणजे ती तेव्हा किमान पाच वर्षांची. २००२ मध्ये त्याच रॉबिन्स यांच्या हाती ती पुन्हा आली. २०२४ च्या अखेरीस तिने पुन्हा अंडं घातलं, वय किमान ७४. हा 'किमान' शब्द तिच्या बाबतीतही सुटत नाही, कारण १९५६ च्या आधीचं कुणालाच माहीत नाही. तिच्याकडे नुसतं बघून कुणालाही सत्तरी ओळखता आली नसती.

कडी किंवा गळ्यात पट्टी असलेला पक्षी दिसला तर काय करू?

क्रमांक, रंग, कडी कुठल्या पायात आहे, ठिकाण आणि तारीख लिहा, शक्य तितके फोटो काढा आणि बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला कळवा. मंगोलियात गळ्यात क्रमांकाची पट्टी घातलेले पट्टकादंब भारतात पाहिले गेले आहेत, त्यामुळे येरळवाडीला माना नीट निरखा. जिवंत पक्ष्याची कडी काढू नका. मेलेला सापडला तरी आधी फोटो काढा, मग कळवा.

वय कळून आपल्याला काय करायचंय?

हा प्रश्न एका गावात चहाच्या टपरीवर आला होता. उत्तर देताना मी गावातल्या शाळेचा दाखला दिला. पटावर दरवर्षी पहिलीत मुलं येत राहिली तर गाव जिवंत आहे. माणसं तितकीच दिसतात पण पहिलीचा वर्ग रिकामा, तर पुढे काय होणार ते सांगायला ज्योतिषी लागत नाही.

थव्याचंही तेच. तलावावर चारशे पक्षी आले म्हणून आपण खूश होतो. त्यात यंदाची पिल्लं किती हे मोजलं नाही, तर तिकडे विणीच्या जागी काय झालं ते कळत नाही. दीर्घायुषी पक्ष्यांत हा धोका मोठा. पंधरा-वीस वर्षं जगणारे मोठे पक्षी येत राहतात, संख्या टिकल्यासारखी दिसते, आणि आतून थवा म्हातारा होत गेलेला असतो. आपल्याकडच्या हौशी नोंदींत जात आणि आकडा लिहिलेला असतो, वय मात्र फार क्वचित. ही उणीव मला मनापासून खुपते, कारण ती भरायला दुर्बीण आणि वहीपलीकडे काही लागत नाही.

घरट्यातून पडलेलं पिल्लू सापडलं. त्याचं वय कसं कळेल?

उघडं, डोळे मिटलेलं असेल तर थोड्याच दिवसांचं. पिसांच्या जागी निळसर नळ्या दिसत असतील तर त्या फुटायला लागल्या आहेत. चिमणीत हे पहिल्या आठवड्याच्या सुमारास होतं. अंगभर पिसं, आखूड शेपटी आणि फडफडत उड्या मारणारं असेल तर ते बहुधा पडलेलं नसून घरटं सोडून बाहेर आलेलं आहे. आईबाप आसपास असतात. त्याला मांजर-कुत्र्यापासून वाचेल अशा झुडपात ठेवा आणि लांब जा. उघडं पिल्लू असेल आणि घरटं हाताला येत असेल तर परत आत ठेवा. माणसाचा वास लागला की आई पिल्लू टाकते, हा समज खरा नाही.

नोंदीत वय लिहायचं कसं?

युरोपात वयासाठी आकड्यांचे संकेत आहेत. उदाहरणार्थ, ३ म्हणजे याच वर्षी जन्मलेला, ४ म्हणजे त्याआधीचा पण नेमकं वर्ष माहीत नसलेला. वर्ष १ जानेवारीला बदलतं. तिथे बहुतेक पक्षी वसंत ते उन्हाळ्यात विणतात म्हणून हे जमतं. आपल्याकडे पोपट उन्हाळ्याच्या आधी, सुगरण पावसात, आणि चिमण्या वर्षातून कित्येकदा. डिसेंबरात घरटं सोडलेली चिमणी जानेवारीत "गेल्या वर्षीची" होते, तेव्हा तिच्या चोचीची पिवळी कड अजून गेलेली नसते. म्हणून स्थानिक पक्ष्यांसाठी मी साधं लिहितो: "पिल्लू", "लहान", "मोठा" किंवा "ठरत नाही", आणि पुढे कशावरून ते. जसं, "सातभाई ९, त्यात २ लहान, डोळे गडद." दूरवरून येणाऱ्या पाहुण्यांसाठी "या हंगामातला" आणि "त्याआधीचा" एवढे दोन भाग पुरतात.

दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो. तलावावर जाणार असाल तर वहीत यंदा एक रकाना जास्त आखा. आणि पट्टकादंबांसाठी डिसेंबरच्या अखेरीस पुन्हा एक फेरी मारा. येरळवाडीला सकाळी ऊन पाठीवर येईल अशा बाजूला बसलात तर डोक्यावरचे पट्टे स्पष्ट दिसतात.